तेविसावी पट्टी

अकोल्याच्या टिळक रोडवर पेटी दुरुस्तीचं दुकान चालवणारे वामनराव गावंडे यांनी उभ्या आयुष्यात दोनच धाडसं केली. पहिलं सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. दुसरं त्यांनी शेहेचाळीस वर्षं कोणाला कळू दिलं नाही.

पहिलं धाडस असं. ज्याला सा कशाला म्हणतात आणि रे कशाला हे कळत नाही, त्यालाही नाटकातलं गाणं पेटीवर वाजवता आलं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुकानात येणारी माणसं शेतातली, भाजीबाजारातली, भजनी मंडळातली. पेटी दुरुस्त करून न्यायची आणि जाता जाता विचारायची, "ते नाटकातलं गाणं कुठून सुरू होते हो भाऊ?" वामनराव बोट ठेवून दाखवायचे. घरी पोचेपर्यंत गिऱ्हाईक ते विसरलेलं असायचं. शेवटी वामनरावांनी पेटीच्या डावीकडच्या पहिल्या पट्टीपासून कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या. काळी-पांढरी असा भेदभाव नाही, ओळीने एक, दोन, तीन, थेट एकोणचाळीसपर्यंत. आणि गाण्याच्या शब्दांखाली तेच आकडे लिहिले. तेरा म्हणजे सा आणि पंचवीस म्हणजे वरचा सा, हे ज्याला हवं त्याने समजून घ्यावं. बाकीच्यांनी नुसती बोटं टाकावीत, गाणं आपोआप येतं.

गाणी होती अमरावतीच्या खुशालराव निंभोरकरांची. दिवसा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी नाटकांना चाली लावायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नाव खुशालराव, पण त्यांना खुशाल बसलेलं पाहिल्याचं कोणी शपथेवर सांगितलं नसतं. राग सदा नाकावर. मास्तरांनी 'काटेपूर्णेचा काठ' नावाच्या नाटकाला अकरा गाणी दिली आणि वऱ्हाड वेडं झालं. वामनरावांनी त्या अकरा गाण्यांची बत्तीस पानी पुस्तिका काढली. छापखान्यात लग्नपत्रिकांचा गुलाबी कागद उरला होता, म्हणून वेष्टन गुलाबी. मास्तरांचं नाव मोठ्या टायपात, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'आकडे बसविणार : वा. गो. गावंडे'.

पुस्तिका मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात गेली, रिद्धपूरच्या यात्रेत गेली, वरूडच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगाशेजारी मांडली गेली. तिच्या पुढे अकरा आवृत्त्या निघाल्या. शेंगदाणे निवडणारी बाईसुद्धा 'वीस-बावीस-पंचवीस' करत गाणं म्हणू लागली.

आणि मग एका सत्कारात, भर सभेत, मास्तर माईकवर म्हणाले, "अकोल्याच्या एका गृहस्थांनी माझ्या गाण्यांचे पाढे केले आहेत. आता लोक माझी गाणी बे एक बे च्या चालीवर म्हणतील." सभा खो खो हसली. सातव्या रांगेत वामनराव बसले होते. ते हसणाऱ्यांबरोबर हसले आणि चहाला न थांबता निघून आले. त्यानंतर अमरावतीला लग्नकार्याला गेले तरी मास्तरांच्या गल्लीवरून जात नसत. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये म्हणतात. वामनरावांनी त्यात मास्तरांची भर घातली होती.

लोकांना वाटे, पाढ्यांचं बोलणं मनाला लागलं. लागलं होतंच. पण खरी गोष्ट वेगळी होती. चोराच्या मनात चांदणं. वामनरावांना वाटे, मास्तरांना आपली दुसरी करामत कळली आहे, आणि भलेपणाने ते फक्त पाढ्यांवर भागवताहेत.

ती दुसरी करामत बाहेर पडायची वेळ यंदा दिवाळीनंतर आली. सकाळी दुकानात एक मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला, चेहऱ्यावर मास्तरांचं नाक. वामनरावांच्या हातातली पेटीतली पितळी सूरपट्टी खाली पडायचीच राहिली.

"मी गीतांजली निंभोरकर. खुशालराव मास्तरांची नात. तुम्हीच गावंडे काका ना?"

"हो. बस ना. सीमा, पाणी आण व!"

सून सीमा पाणी घेऊन आली ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली. मास्तरांच्या घरचं माणूस या दुकानात कधी येईल असं तिला सासऱ्यांच्या गोष्टींवरून वाटलं नव्हतं.

गीतांजली अमरावतीच्या कॉलेजात संगीत शिकवत होती. आजोबांना आता अठ्ठ्याऐंशीवं लागलं होतं. त्यांच्या सगळ्या गाण्यांचं, रीतसर स्वरलिपी असलेलं एक देखणं पुस्तक काढायचं तिने घेतलं होतं. छपाईची तारीख ठरली होती. नंतरच्या नाटकांची गाणी मिळाली, पण 'काटेपूर्णेचा काठ'पाशी गाडी अडली. मास्तरांनी त्या चाली कधी कागदावर उतरवल्याच नव्हत्या, तोंडी शिकवल्या. रेकॉर्ड निघाली नाही. नाटकात ती गाणी म्हणणारी गंगूबाई जाऊन नऊ वर्षं झाली.

"आबा स्वतः म्हणतात, पण आज एक, उद्या एक. म्हणून म्हटलं, तुमच्या गुलाबी पुस्तकावरूनच काढावं. तेवढाच पुरावा आहे, काका. मी आकड्यांचे सूर करून घेते."

वामनरावांचा ऊर भरून आला. ज्या घरातून पाढे म्हणून हिणवलं गेलं त्याच घरातली मुलगी आपल्या पुस्तकाला पुरावा म्हणते! त्यांनी लगेच फळीवरून पहिली आवृत्ती काढली, फडक्याने पुसली, तिच्या हातात दिली. ती पानं उलटू लागली आणि सातव्या गाण्यावर थांबली. 'ऊन उतरले ओसरीवरती.' नाटकातलं सगळ्यात गाजलेलं गाणं. वऱ्हाडात ज्या मुलीला गळा आहे तिला सासरी जाण्याआधी हे एकदा तरी म्हणावं लागलेलं आहे.

"याचा शेवटचा अंतरा म्हणजे कमाल आहे," ती म्हणाली. "मी विद्यार्थ्यांना सांगते, मास्तर काय होते ते कळायचं असेल तर एवढ्या चार ओळी ऐका."

वामनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तो अंतरा तुह्या आबाचा नाई."

"म्हणजे?"

"माहा हाय."

आणि मग शेहेचाळीस वर्षांचं गाठोडं सुटलं. त्या वेळी वामनराव तिशीचे होते आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई होती. नाटकाचे प्रयोग अमरावतीला रविवारी संध्याकाळी सहाला व्हायचे. शेजारच्या तानुबाई आईपाशी बसायच्या, पण एसटीने परत येईपर्यंतच. त्यांना पहाटे मळ्यात भाजी तोडायला जायचं असे. अकोल्याची शेवटची गाडी सव्वानऊला सुटायची. वामनराव मांडीवर वही घेऊन अंधारात आकडे लिहायचे. 'ऊन उतरले' हे गाणं बरोबर नवाला सुरू व्हायचं. दोन अंतरे ऐकले की उठायचं आणि स्टँडकडे पळायचं. पाच रविवार पाच तिकिटं काढली, पाचही वेळा तिसरा अंतरा पाठीमागे राहिला. दारातून बाहेर पडताना टाळ्या तेवढ्या ऐकू यायच्या.

"सहाव्यांदा थांबाचं म्हणून तानुबाईले कबूल करून घेतलं होतं. तं मंडळी यवतमाळकडे दौऱ्यावर निंघून गेली. इकडं छापखान्यात टाइप जुळवलेला, मोझरीचा महोत्सव आठ दिवसांवर. म्या शब्द मिळवले एका नटाकडून. त्याले गाता येत नव्हतं, चाल मिळाली नाई. मंग छापखान्यातच पेटी मांगवली अन् बसवली चाल, मनानं. तवाच छापली."

"आबांना विचारलं का नाही?"

"त्याइले? जित्या वाघाच्या तोंडात कोण हात घालते बापा?"

सीमाच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच होतं. तिने लग्नात हेच गाणं म्हटलं होतं, तेव्हा सासरे डोळे पुसताना दिसले होते. आता तिला त्याचा अर्थ लागला.

गीतांजलीने पुस्तक मिटलं. ते मांडीवर ठेवलं. रागावली असं दिसत नव्हतं, पण तोंड उतरलं होतं.

"काका, दुसऱ्याची चाल मी आबांच्या नावावर छापू शकत नाही. आणि हा अंतरा काढला तर गाणं अर्ध्यावर तुटतं. गेली चाळीस वर्षं लोक जे गातात तेच पुस्तकात नसेल." ती उठली. "तुम्ही आबांना सांगा. तुमच्या तोंडाने. ते काय म्हणतात त्याप्रमाणे मी करीन. पण सांगायला हवं."

"थे मले घरात घेतीन का?"

"घेतील की नाही ते मला माहीत नाही. मी मात्र तुम्हाला दारापर्यंत नेईन."

ठरलेल्या दिवशी वामनराव पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून निघाले. सीमाने डब्यात तिळाचे लाडू दिले. मामाजी, मास्तर काय बी बोलले तरी खाली मान घालून आयका, असंही बजावलं. मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटी चालली होती आणि वामनराव मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मास्तर, मले माफ करा. नको, हे फार लवकर होतं. मास्तर, एक गोष्ट सांगाची होती. हे बरं. त्यांचं वय शहात्तर होतं, पण वाक्यं घोकत होते ते पहिलीतल्या पोरासारखी. मास्तरांनी हाकललं तर हाकललं, पण मरायच्या आधी हे ओझं उतरलंच पाहिजे, एवढं त्यांनी पक्कं केलं होतं.

गीतांजली स्टँडवर घ्यायला आली. मास्तरांच्या गल्लीत त्यांनी चार दशकांनी पाऊल टाकलं. गल्लीच्या तोंडाशी माळी लोकांची घरं, दारात झेंडूच्या राशी, मेथीच्या जुड्या. मास्तरांचं घर साधं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत लाकडी पलंगावर मास्तर बसले होते. अंगाने वाळले होते, पण नाक तसंच होतं आणि त्यावरचा रागही.

"आबा, कोण आलंय पाहा. अकोल्याचे गावंडे काका."

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"पाढेवाला?"

"हो मास्तर," वामनराव म्हणाले आणि वाकून पायाला हात लावला.

"बस. तुह्यावाचून काय अडून राहिलं होतं कोणाचं, म्हणून इतक्या वर्षांनी आला?" मास्तर गुरगुरले. तरी पलंगावरची चादर सारखी करून त्यांनी जागा केली.

तेवढ्यात वामनरावांची नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली आणि ते बसायचेच विसरले. पेटीच्या पट्ट्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या होत्या. एक, दोन, तीन, ओळीने एकोणचाळीसपर्यंत. काही चिठ्ठ्या जुन्या पिवळ्या, काही नव्या, आकडे मास्तरांच्या गणिताच्या मास्तरी अक्षरात, सातच्या शेपटीला झोकदार वळण.

"मास्तर, हे..."

"काय हे? रिटायर झालो तवा या गल्लीतल्या बाया आल्या. सुभद्रा, गोदाबाई, सगळ्या फुलं-भाजी इकणाऱ्या. म्हणे मास्तर, भजन शिकवा. म्हटलं, ठीक हाय, सा लावा. त्या म्हणे, सा राहू द्या, नंबर सांगा. सगळ्याइच्या घरात तुहं गुलाबी पुस्तक! मी सारेगम शिकवाले गेलो तं वर्ग रिकामा. मंग काय करता? शिकलो मीच नंबर." मास्तरांनी हे असं सांगितलं की जणू वामनरावांनी त्यांच्या शेतातली ज्वारी कापून नेली होती. "तीस वर्षं झाली. आता गीताले सूर सांगताना बी तोंडात नंबरच येते. पोरीले लाज वाटते माही."

"नाही हो आबा," गीतांजली हसली.

वामनरावांना हसावं की रडावं कळेना. ज्यांच्या भीतीने आपण गल्ल्या चुकवत होतो, ते बायांच्या पंगतीत बसून आपले आकडे गिरवत होते. त्यांना मास्तर एकदम फार जवळचे वाटले. आणि म्हणूनच आता सांगणं जास्त जड झालं. त्यांनी लाडवांचा डबा पुढे सरकवला.

"मास्तर, एक गोष्ट सांगाची होती. ते 'ऊन उतरले' हाय ना..."

"थेच!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "त्याचीच गोष्ट करून राहिलो मी. चाळीस वर्षं मी तुह्याशी बोललो नाई ते काहून, माहीत हाय?"

वामनरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी गीतांजलीकडे पाहिलं. तिचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट होता.

"त्या शेवटच्या अंतऱ्यापायी," मास्तर म्हणाले.

"हो मास्तर. चुकी झाली. म्या..."

"चुकी? अरे, माह्या उभ्या जिंदगीत बसवलेली सगळ्यात चांगली चाल हाय ती! कवा सुचली आयक. माही बदली झाली होती शेंदूरजनाघाटाले. संत्र्याचा तोडा चालू होता. बागेत बाया फळं तोडून राहिल्या, मी झाडाखाली पेपर तपासून राहिलो, अन् एकदम असा अंतरा आला ना बावा, आयता, पिकल्या संत्र्यासारखा हातात. घरी जाऊन पेटीवर घेतला. पहिला जो अंतरा होता तो मले कधीच आवडला नव्हता, टाकून देला त्याच दिवशी. काय होता तो बी आता याद नाई. परत मंडळीत आलो अन् गंगूबाईले म्हटलं, आता हा म्हण."

मास्तर सांगत होते आणि वामनराव मनात हिशेब करत होते. पुस्तिका निघाली अठ्ठ्याहत्तर साली. मास्तरांची बदली झाली त्याच्या पुढच्या वर्षी. ती बातमी त्यांनी अकोल्यात ऐकून सुटकेचा श्वास टाकला होता. आणि मधल्या हंगामात वरूडच्या बाजारातून दोनशे पुस्तिका शेंदूरजनाघाटाकडच्या खेड्यांत गेल्या होत्या. त्या बागेत फळं तोडणाऱ्या बाया काय गुणगुणत असतील ते आता सांगायची गरज नव्हती. पेपर तपासता तपासता मास्तरांच्या कानात चाल शिरली आणि मनात जाऊन बसली. पुस्तिका आधीची आणि बदली नंतरची, हा हिशेब गणिताच्या मास्तरांनी कधी केलाच नव्हता. देवाच्या दारात ठेवलेला नारळ कोणी उचलावा आणि देवाने दिला म्हणून घरी न्यावा, तसं झालं होतं.

गीतांजलीलाही कळलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती वामनरावांकडे बघत होती. सांगणार का आता, असं ते बघणं होतं.

"अन् अशी सोन्यासारखी चाल," मास्तरांचा आवाज चढला, "तू तुह्या पुस्तकात चुकीची छापली! गंगूबाईले म्या सांगतलं तं म्हणते, मले येते, गुलाबी पुस्तकातून शिकली. अन् मरेपर्यंत चुकीचं म्हटलं तिनं! अठरा, वीस, बावीस, तेवीस, पंचवीस! तेवीस कुठून आणलं तू? चढताना तेवीस लागते काय कधी?"

इथे वामनराव सगळं विसरले. माफी विसरले, सुनेची ताकीद विसरले, मान खाली घालायची विसरले. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या सावलीला घाबरले त्याच्यासमोर ते ताठ झाले आणि बोलले, "तेवीसच हाय मास्तर."

"काय?"

"तेवीसच. त्या काळ्या पट्टीवर बोट पडलं की जीव कसा हळवा होते. त्याच्यासाठीच तं घेतली ती." म्हणता म्हणता त्यांना कळलं की आपण काय बोललो. पण बाण सुटला होता.

"चोवीस हाय!"

"तेवीस!"

"चोवीस म्हणतो ना मी! अरे गावंडे," मास्तर पलंगावरून अर्धे उठले, "चाल माही हाय का तुही?"

गल्लीत कोणीतरी झेंडूवर पाणी मारत होतं, त्याचा तेवढा आवाज. ज्या एका प्रश्नासाठी वामनराव शंभर किलोमीटर आले होते, तो मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने विचारला होता. उत्तर दोन अक्षरांचं होतं. माही. म्हटलं की ओझं उतरलं. म्हटलं की या म्हाताऱ्याच्या उभ्या जिंदगीतली सगळ्यात चांगली चाल त्याच्या हातातून गेली, आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी दुसरी सुचायची नाही.

वामनरावांनी टोपी काढली, परत घातली. त्यांना फार वाटलं, सांगावं. आपल्या हातून आयुष्यात एकच सुंदर गोष्ट झाली आणि ती मास्तरांना आवडली, सगळ्यांत जास्त आवडली, हे ओरडून सांगावं असं वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटलं की आता सांगून आणखी काय मिळायचं आहे? मास्तरांनी ती आपली म्हटली, याहून मोठी शाबासकी कोणत्या सभेत मिळणार होती?

"तुमची," ते म्हणाले.

"मंग चोवीस वाजव. वाजवून पाह्य एकडाव."

गीतांजलीने पेटी पुढे आणून ठेवली. वामनरावांनी भाता ओढला. बोटं सवयीने निघाली, अठरा, वीस, बावीस, आणि तेविसाच्या काळ्या पट्टीकडे आपसूक वळली. त्यांनी ती आवरली आणि शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर नेली. चोवीस. पंचवीस.

सूर असा लख्ख वर गेला की वामनरावांचा हात तिथेच थांबला. शेहेचाळीस वर्षं ही चाल त्यांच्या डोक्यात होती. पुस्तकाच्या अकरा आवृत्त्या त्यांनी स्वतः तपासल्या होत्या. पण ऊन ओसरीवर खरोखर उतरायचं तर आधी ते इतकं वर जायला हवं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. सुचणारही नव्हतं. पेटी दुरुस्त करणारा माणूस आणि मास्तर यांच्यात एवढ्या एका पट्टीचा फरक होता. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट मघाशी 'तुमची' म्हणताना जी थोडी लबाडी वाटली होती ती आता उरली नाही.

"काय?" मास्तर भुवया उंचावून बघत होते.

"बरोबर हाय मास्तर. चोवीसच पाहिजे." वामनरावांनी बोट तेविसाच्या पट्टीवर ठेवलं. "पण उतरताना?"

"उतरताना?"

"उतरताना बी चोवीस घेता का तुमी?"

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलले. वाळका हात मांडीवर हळूहळू खाली सरकला. पंचवीस, तेवीस, बावीस, वीस. मग डोळे उघडून म्हणाले, "नाई. उतरताना तुहंच तेवीस बरं हाय. तिथं जीव हळवा व्हाले पाहिजे." आणि डबा उघडून त्यांनी तिळाचा लाडू तोंडात टाकला. "कोणं केले हे?"

"सुनेनं."

"चांगले झाले. पुढच्या वेळी आणखी घेऊन ये."

निघताना गीतांजली गल्लीच्या तोंडापर्यंत आली. फुलांच्या राशीपाशी ती थांबली. तिच्या हातात तिची वही होती, सातव्या गाण्याचं पान उघडं, शेवटच्या अंतऱ्याची जागा कोरी.

"काका, तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाई सांगतलं."

"का?"

वामनराव हसले. या मुलीला खोटं सांगावं असं त्यांना वाटलं नाही, आणि खरं काय ते त्यांना स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. "त्याइनं ती पोटच्या पोरीसारखी वाढवली बाई," ते म्हणाले. "म्या फक्त जलम देला. आता तिचं आडनाव बदलून काय करू?"

गीतांजलीने डोळे पुसले. पेन्सिल काढली. "आणि मी काय छापू?"

वामनरावांनी टोपी सारखी केली. बडनेऱ्याच्या दिशेने एसटीचा भोंगा वाजला, पण ते घाईत नव्हते. तिच्या पेन्सिलीकडे बघत त्यांनी सावकाश, एकेक आकडा तोलून सांगितलं, "चढताना चोवीस. उतरताना तेवीस."

तिने तसंच लिहून घेतलं.